संचालक महोदय, राउटर खोटं बोलत नाही

सीताबर्डी, नागपूर

परमपूज्य संचालक महोदय,


थोरामोठ्यांचं नाव घेऊ नये, असं आजी सांगायची. म्हणून आपलं आणि आपल्या नेटवर्किंग क्लासचं नाव या पत्रात घेत नाही. ‘शंभर टक्के नोकरी’ ही पाटी वाचून बर्डीतला आपला जिना चढलेले सारे जण आपल्याला ओळखतीलच.

२०२३ साली मी खापरीहून मेट्रोनं आपल्याकडे येत असे. सीताबर्डी इंटरचेंजला नारिंगी आणि अ‍ॅक्वा मार्गिका भेटतात. लोकमान्य नगरचा प्रवासी एकीकडे वळतो, प्रजापती नगरचा दुसरीकडे. कुठे जायचंय ते पाहून पुढची वाट धरायची, हेच राउटिंग. ते मला त्या स्टेशनानं तिकिटाच्या पैशांत शिकवलं. आपण अठरा हजार घेतलेत आणि त्या स्टेशनाइतकंही शिकवलं नाहीत. आपले उपकार कसे फेडू?

आपण दिलेल्या जाडजूड नोट्सवर ‘सीसीएनए राउटिंग अँड स्विचिंग’ असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. सिस्को या नेटवर्किंग कंपनीनं त्या नावाची प्रमाणपत्र-परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० ला मोडीत काढली आणि २००-३०१ ही नवी आणली. त्यात ऑटोमेशन आलं, वायरलेसचा वाटा वाढला. तीन वर्षं उलटली तरी आपण जुनंच जपलंत. परंपरेचा इतका आदर आजकाल दुर्मीळ.

आपली लॅब तर देवघरच. काचेच्या कपाटात एक स्विच. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडायचा. कन्सोल केबल मात्र कधी लागली नाही. आम्ही तीस जण लांबून दर्शन घ्यायचो. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की पॅकेट ट्रेसर हे सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि घरबसल्या दहा राउटर जोडता येतात. आपण तेच पेनड्राइव्हमध्ये घालून पाचशे रुपयांना दिलंत. प्रसादाचं मोल विचारू नये, नाही का?

सबनेटिंगचा, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडण्याचा, तक्ता आपण पाढ्यांसारखा पाठ करून घेतलात, त्याबद्दल ऋणी आहे. पहिल्याच मुलाखतीत विचारलं, ‘पन्नास संगणकांच्या विभागाला किती मोठं नेटवर्क द्याल?’ तक्ता तोंडपाठ होता, उत्तर येईना. त्या रात्री कागदावर मांडलं. आयपी पत्त्याचे बत्तीस बिट. /२६ मध्ये सव्वीस नेटवर्कचे, उरले सहा. सहा बिटांचे चौसष्ट पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, हाती राहतात बासष्ट. पन्नास त्यात बसतात; /२७ च्या तीसमध्ये बसत नाहीत. समजायला अर्धा तास लागला. आपण चार महिन्यांत तो अर्धा तास काढू शकला नाहीत, इतके आपण व्यग्र!

आणि ते डम्प, म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं! ‘समजून घेऊ नका, उत्तरं पाठ करा,’ हा आपला गुरुमंत्र. परीक्षेआधी गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो, चोरलेले प्रश्न वापरल्याचं आढळलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, हे सांगून आमचं मन विचलित करणं आपल्याला प्रशस्त वाटलं नसावं. परीक्षेची फी तेव्हा ३०० डॉलर होती. ती भरायला माझ्या वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. पकडला गेलो असतो तर हप्ते त्यांनीच फेडले असते. आपली फी तर आधीच जमा होती.

पुढे एका छोट्या कार्यालयात काम लागलं. तिथे दोन स्वस्त स्विच एका केबलनं जोडलेले होते. मी त्यांच्यात दुसरी केबल लावली, लूप झाला आणि क्षणात सगळे संगणक ठप्प झाले. आयपी पॅकेटमधला टीटीएलचा आकडा दर राउटरपाशी एकनं घटतो, शून्यावर पॅकेट संपतं. इथरनेटच्या फ्रेमला असा शेवट नसतो. लूप झाला की ती फिरतच राहते. हा लूप रोखणारा स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली रचला. त्या स्वस्त स्विचांत तो नव्हता. आपल्या डम्पमध्ये त्यावरचे अकरा प्रश्न होते. अकराच्या अकरा मला पाठ होते.

उद्या असंच नेटवर्क एखाद्या रुग्णालयात बंद पडेल. रात्री दोन वाजता फोन वाजेल, आणि तिथे अ, ब, क, ड असे पर्याय दिलेले नसतील. आपल्या हातून निघालेलं पोर तेव्हा काय करेल, महोदय?

राउटरची एक गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच. त्याच्या टेबलात मार्ग नसेल, डिफॉल्ट रूटही नसेल, तर तो पॅकेट पुढे ढकलत नाही. ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो, ‘तिथे पोहोचता येत नाही.’ एवढा प्रामाणिकपणा त्या लोखंडी डब्यात असतो. आपल्यालाही वाट ठाऊक नव्हती. तसं सांगितलं असतंत, तर आम्ही दुसरी शोधली असती.

एकच भीक मागतो. नवी बॅच बसेल तेव्हा त्या कपाटाचं कुलूप काढा. स्विच टेबलावर ठेवा, केबल मुलांच्या हाती द्या. त्यांना चुकू द्या, लूप करू द्या, शोधू द्या. तिथे चुकलेलं पोर पुढे कुणाचं कार्यालय बंद पाडणार नाही. हे जमणार नसेल, तर पाटी तरी उतरवा.



आपल्या ‘शंभर टक्क्यां’तला,
एक विद्यार्थी