पोलादी नजर

लोहारकामाचा नाद लागला की आधी बिघडते ती नजर. त्यातून बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये राहणाऱ्याला तर हा नाद लागूच नये, इतकं पोलाद इथे उघड्यावर पडलंय. टिन फॅक्टरीच्या चौकात गाडी अडकली की पूर्वी मी इतरांसारखाच हॉर्न बडवायचो. आता पुढच्या लॉरीच्या बुडाखाली डोकावतो आणि कमानीचे पाटे मोजतो. एका पाट्यात दोन सुऱ्या धरल्या, तरी चौक सुटेपर्यंत माझं छोटंसं दुकान उभं राहतं. डिझेल शेडवरून जाताना इंजिनांच्या स्प्रिंगा खुणावतात. 2003 साली खुल्या झालेल्या झुलत्या पुलाच्या केबलींकडे तर मी असा बघतो, की रेल्वे पोलिसांच्या लक्षात आलं तर जामीन मिळायचा नाही.

भंगार म्हणजे सरसकट लोखंड, हा सुशिक्षित समज. लॉरीच्या पाट्यात कार्बन साधारण 0.6 टक्के, म्हणून त्याला धार टिकते. बांधकामाच्या सळईत त्याच्या निम्माही नाही. तिची सुरी केळं कापेल, तेही पिकलेलं. ग्राइंडरवर धरलं की कळतं. सळईच्या ठिणग्या सरळ रेषेत उडतात, जुन्या कानशीच्या फुलबाजीसारख्या फुटतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र फुकट मिळाला तरी भट्टीत घालू नये. त्याच्या धुरानं ताप भरतो.

भट्टी आमच्या गॅलरीत लावायची होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ‘प्रस्ताव’ हा शब्द ऐकूनच नकार दिला. शेवटी ओल्ड मद्रास रोडच्या आतल्या गल्लीत एका गॅरेजवाल्या अण्णांनी मागची जागा दिली. रेल्वे रुळाचा तुकडा ही ऐरण, जुना हेअर ड्रायर हा भाता. अण्णा शटर अर्धं ओढून घेत, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा खरा रंग दिसत नाही. आधी काळपट लाल, मग चेरी, मग नारिंगी. पाटा नारिंगी झाला की घाव घालायचे, लाल पडला की मुकाट्यानं परत कोळशात. शेजारी तारेला लोहचुंबक टांगलेलं. साधारण 770 अंशांना पोलाद त्याला ओळख देईनासं होतं. तिथून आणखी थोडं तापवायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. भक्कन जाळ होतो. बाहेर काढल्यावर कानस पात्यावरून नुसती घसरली, की पाणी बसलं.

या सगळ्याला मोठी परंपरा आहे, असं मी घरी सांगून पाहिलं. 1800 साली फ्रान्सिस बुकॅनन म्हैसूर मुलखात हिंडला आणि मातीच्या मुशीत लोखंडाबरोबर तरवडाची काडी नि हिरवी पानं घालून पोलाद कसं करतात, ते लिहून गेला. असल्या हिंदुस्थानी पोलादाचं पृथक्करण 1819 मध्ये मायकेल फॅरडेनं केलं. तो तर लोहाराचाच मुलगा.

“तुमचे बाबा एलआयसीत होते,” बायको म्हणाली.

नुसतं पाणी दिलेलं पातं काचेइतकं ठिसूळ असतं. ते 200 अंशांवर दोन तास भाजावं लागतं, गवती पिवळा रंग येईपर्यंत. ओव्हन घरात एकच.

“अहो, तुमची सुरी झाली की हाक मारा. नानखटाईचं पीठ मळून ठेवलंय.”

नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्रनियमांत वेगळी वागणूक आहे, घरगुती वापराचं सोडून. ती काळजी मला नव्हती. माझ्या हातून साडेपाच इंच निघाले, तेही थोडे डावीकडे झुकलेले. अण्णांनी मूठ बसवली आणि परीक्षेला मला कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याकडे नेलं. त्यानं अंगठा आडवा फिरवून धार पाहिली, शहाळ्याची एक चकती उडवली आणि किती पडले म्हणून विचारलं. कोळसा, तेल, ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे, चष्मा. मी कमी करून बाराशे सांगितले. त्यानं आपला कोयता उचलून दाखवला. तोही लॉरीच्याच पाट्याचा, रस्त्याकडेच्या लोहाराकडून अडीचशेला घेतलेला.

मी शहाळ्याचे पैसे काढले, तर हात जोडून म्हणाला, “बेडा सार. तुमचा आधीच फार खर्च झालाय.”