नाना आणि इतर ११९

कवींमध्ये एक जात स्वतंत्र संग्रहवाल्यांची आणि दुसरी आमच्या शेजारच्या नानांची. नानांचाही स्वतंत्र संग्रह येऊ घातलाय. गेली वीस वर्षं येऊच घातलाय. तोवर त्यांचा मुक्काम प्रातिनिधिक संग्रहांत. 'आई', 'बाप', 'लेक', 'पाऊस', 'शेतकरी', 'माझी शाळा'... विषय निघाला की नानांची कविता निघालीच. जिन्यात भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं, "आणखी एका ठिकाणी दखल घेतली गेली बरं का!"

दखल घ्यायची रीत अशी. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन येतं : कविता स्वरचित असावी, सोळा ओळींहून मोठी नसावी, युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी, सोबत पासपोर्ट फोटो, अल्प परिचय आणि सहभाग शुल्क भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवावा. दोन प्रती आणि सन्मानपत्र मिळेल. यातल्या 'अल्प' या शब्दाशी नानांचं कधीच जमलं नाही. कविता चौदा ओळींची, परिचय सव्वीस. फोटोत ते अजून काळ्याभोर केसांचे आणि सफारीतले.

विषयवार संग्रहांपेक्षा विभागवार संग्रह अवघड, असं कुणालाही वाटेल. नानांना नाही. जन्म अमळनेरचा, म्हणून खानदेशच्या संग्रहात ते हक्काने. नोकरी लातूरला पाटबंधारे खात्यात झाली, म्हणून मराठवाड्यात. सासुरवाडी वाईची, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात. निवृत्तीनंतर लेकाकडे डोंबिवलीत आले आणि कोकणच्या संग्रहात शिरले. मी भुवया उंचावल्या, तर म्हणाले, "ठाणे जिल्हा महसुलाच्या हिशेबात कोकण विभागातच येतो. शासनाला विचारा!" राहता राहिला विदर्भ. परवा झाडीबोलीच्या संग्रहाचं आवाहन आलं, तेव्हा नाना बराच वेळ छताकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "गोंदियाला एकदा लग्नाला गेलो होतो."

एवढ्या कविता लिहिता कधी, या प्रश्नावर ते मिशीत हसतात. खरी गोष्ट काकूंनी सांगितली : कविता एकच आहे. भेगाळलेल्या हातांवरची. 'आई'साठी लिहिलेली, 'शेतकरी'त गेली, 'कामगार'मध्ये गेली, साथीच्या काळात परिचारिकांवरच्या संग्रहातही जाऊन आली. मुक्तछंद असल्याने शब्द बदलला तरी वृत्ताला धक्का नाही. 'बाप' विषय आला तेव्हा नानांनी 'राबलीस'चं 'राबलास' केलं, पण घाईत पदर तसाच राहिला. छापून आलं ते असं, की बाप चुलीपुढे बसून पदराने डोळे पुसतोय. नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्रकाशन समारंभ. तिथे प्रमुख पाहुण्यांनी नेमकी तीच ओळ उचलली आणि बापातली आई शोधणारा कवी म्हणून नानांना उभं केलं. टाळ्या पडल्या. पदर आता कायम झालाय.

संग्रह घरी येण्याचाही एक विधी आहे. कुरियर आलं की नाना हात धुतात, चष्मा पुसतात आणि अनुक्रमणिकेवर बोट ठेवून खाली खाली येतात. कवी अकारविल्हे आणि नानांचं आडनाव 'ह'वरून, त्यामुळे बोटाला भरपूर व्यायाम. "शेवटचा मान अध्यक्षाचा असतो," असं ते स्वतःला समजावतात. मग स्वतःचं पान, त्या पानावरचा काना-मात्रा, आणि मग मुखपृष्ठ. बाकीच्यांच्या कवितांबद्दल विचारलं तर, "इतरही बरे आहेत." कपाटातल्या या संग्रहांच्या रांगेकडे बघून काकू म्हणतात, "पुस्तकं सगळी ह्यांची, लिहिलेली दुसऱ्यांनी."

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, आपल्याकडचा सगळ्यात जुना प्रातिनिधिक संग्रह म्हणजे हाल सातवाहनाची गाथासप्तशती. त्यात म्हटलंय, एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या. तुमच्या संपादकांकडे एकशेवीस कविता येतात आणि ते एकशेवीस निवडतात!"

मला वाटलं, गार पडतील. पण नानांनी कपाटातून स. आ. जोगळेकरांची १९५६ सालची 'गाथासप्तशती' काढली. संग्रहांच्या मागे ते जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात बसच्या तिकिटांच्या खुणा होत्या. "ही रेवा, ही रोहा, ही माधवी. नाव आणि चार-दोन गाथा, पलीकडे कुणालाच काही माहीत नाही. ह्यांचा कुठे होता स्वतंत्र संग्रह? तरी आज डोंबिवलीत बसून आपण त्यांची नावं घेतोय." मग पुस्तक मिटून म्हणाले, "आणि मला सांगा, उरलेल्या नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार तीनशे गाथांचं काय? त्या लिहिणाऱ्यांनी काय करायचं होतं?"

पाटबंधारे खात्यातल्या माणसाची वजाबाकी तोंडपाठ होती. म्हणजे ती त्यांनी आधी कधीतरी, एकट्याने, करून ठेवली असणार.

आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत आहे. गेल्या पावसाळ्यात 'पाऊस' संग्रहात तिची कविता आली. छत गळतं तेव्हा कुठलं भांडं कुठे ठेवायचं, याची. शुल्क नानांनी भरलं, टाइप त्यांनीच केली. आणि शब्द बदलण्यात मुरलेल्या नानांनी तिच्या कवितेतला एकही शब्द बदलला नाही. प्रकाशनाला तिला रिक्षाने घेऊन गेले. चमकीचा कागद फाडून, पुस्तकं छातीशी धरून फोटो झाले. मग सभागृहात जो दिसेल त्याला नाना तिचं पान उघडून दाखवत होते. स्वतःचं १८७ वं पान त्या दिवशी त्यांनी कुणालाच दाखवलं नाही.

वाचनाला प्रत्येकी दोन मिनिटं होती. पोरीने घाबरत घाबरत पाऊण मिनिटात कविता वाचून टाकली आणि पळत खाली आली. नाना ताडकन उठले, निवेदिकेकडे गेले आणि तिची उरलेली सव्वा मिनिटं आपल्या खात्यावर जमा करून मागितली.