वेठीची सुधारित आवृत्ती

मोबदला न देता, हुकूम येईल तेव्हा आणि हुकूम असेल तितका वेळ करून घेतलेल्या श्रमाला मराठीत वेठ म्हणतात, आणि आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी जमलेल्या सुमारे पाच हजार वारली आदिवासींनी ती नाकारली, अशी इतिहासात नोंद आहे. रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी शेतात राबायचे नाही आणि फुकट तर कोणतेच काम करायचे नाही, असे किसान सभेच्या त्या सभेत ठरले. वेठ त्या लढ्याने संपली, हा इतिहासकारांचा समज मात्र आता दुरुस्त करावा लागेल, कारण ती रंगीत पडद्यासह आणि वेठकऱ्याच्याच रिचार्जवर परत आली असून तिच्या हजेरीपटावरील बहुतेकांना अजून मिसरूडही फुटलेले नाही.

जुन्या वेठीत एक गैरसोय होती, ती म्हणजे माणसे हाकून आणण्यासाठी जमीनदाराला दांडगे कारभारी पोसावे लागत. नव्या व्यवस्थेत तो खर्च वाचला आहे, कारण येथे मुकादमी वेठकरीच एकमेकांवर करतात. मानसशास्त्र तिला समवयस्कांचा दबाव म्हणते, म्हणजे कोणी उघड हुकूम दिलेला नसतानाही, बरोबरीचे करतात ते आपण केले नाही तर वाळीत पडू, या धास्तीने होणारे वर्तन. स्नॅपचॅटवरील ‘स्ट्रीक’ हा त्याचा शुद्ध नमुना होय: दोन मित्रांनी एकमेकांना रोज किमान एक छायाचित्र धाडले की त्यांच्या नावापुढचा आकडा एकेक दिवसाने वाढत जातो, आणि एक दिवस चुकला की तो पुसला जातो. रोजगार हमीच्या कामावर खाडा पडला तर त्या दिवसाचीच मजुरी जाते. येथे एका खाड्यात मागच्या दोनशे दिवसांची कमाई जाते, आणि ती कमाई नेमकी कसली होती हे कोणालाच सांगता येत नाही.

ही हजेरी बहुधा रात्री भरली जाते. वारल्यांच्या लढ्यावर गोदावरी परुळेकरांनी लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ असे आहे. त्याच मुलखात आता माणूस रात्री दोन वाजताही जागा असतो, फक्त कशासाठी, एवढाच प्रश्न उरतो. झोप तुटल्यावर चिडचिड, विस्कटलेले लक्ष आणि उदासी मागोमाग येतात. जुन्या वेठीत मार आणि उपासमार होती, ती येथे नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण येथला वळ अंगावर उमटत नसल्यामुळे पोर घरच्यांना धडधाकटच दिसते.

मोजायला दुसरी पट्टी नसली की माणूस स्वतःला आपल्यासारख्यांशी ताडून पाहतो, असा सामाजिक तुलनेचा सिद्धान्त लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडला. त्या काळी आपल्यासारखे म्हणजे पाड्यावरची दहा-पंधरा पोरे, ज्यांची फजितीही सर्वांना पाठ असे. आता बाप वापीच्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेला असताना मुलगी स्वतःला ताडते ती फिल्टरने गोऱ्या केलेल्या चेहऱ्याशी, म्हणजे जो चेहरा त्याच्या मालकिणीचाही नसतो त्याच्याशी. स्वतःच्या शरीराविषयी वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के जणींना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाईट वाटते, हे फेसबुकच्या स्वतःच्या अंतर्गत कागदपत्रांतून २०२१ मध्ये बाहेर आले. जमीनदाराच्या वहीत कर्ज लिहिलेले असे, कर्जदाराचे दुःख टक्क्यांत मांडलेले नसे. प्रगती झाली आहे ती येथे.

लग्नासाठी कर्ज काढून ते फेडण्याकरिता सावकाराकडे राबणाऱ्यास या भागात लग्नगडी म्हणत. लग्न एकदाचे असे, गडीपण जन्माचे. फेसबुकने २००९ मध्ये लाइकचे बटण आणल्यापासून लाइकगडी ही नवी जात निर्माण झाली असून, मैत्रिणीच्या फोटोला लाइक न देणे हे आता बुडवलेले कर्ज समजले जाते.

वारल्यांचा तारपा नाचही या कामाला जुंपला गेला आहे. नाचणाऱ्यांचा फेर तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरतो. परंतु रीलची चौकट उभी असल्याने तिच्यात फेर मावत नाही, म्हणून एकालाच पुढे उभे करून बाकीच्यांना कापावे लागते.

उपायांची वाण नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात, ही कल्पना साधी असल्यामुळेच शासकीय वाटत नाही. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण घरात फोन एकच असेल आणि तो मुलाच्या हातात असेल, तर संमती मागणारा आणि देणारा यांच्यात मतभेद होण्याचा संभव नाही. शाळा मोबाइल आणू नका म्हणते आणि गृहपाठ व्हॉट्सॲपवर टाकते. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्याच फोनवरून लागतो, मात्र तेथे मन मोकळे केल्याचे कोणालाही दिसत नसल्याने त्याला लाइक मिळत नाही.

राहता राहिली झरीसारखी सभा. ती पुन्हा भरवायची झाल्यास तिची वार्ता मुलांच्या कानी घालायला आता एकच साधन उरले आहे, आणि तेथे सभेला किती जण येणार यापेक्षा तिच्या रीलला किती व्ह्यूज मिळाले याची विचारणा आधी होईल.