शिकाऊ कसा ठेवावा: नवख्या मालकांसाठी सोपी मार्गदर्शिका

वाळूजला शेड घेतलीत, सीएनसी बसवलीत, गेटवर पाटी लावलीत. आता माणसं हवीत, पण पगाराचा आकडा ऐकून घाम फुटतो. फुटू देऊ नका. सरकार पाठीशी आहे, दरमहा 1500 रुपये घेऊन.

आधी माणसं मोजा. कंत्राटी धरून 30 किंवा त्याहून जास्त भरली तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस ठेवणं सक्तीचं. 4 ते 29 असतील तर तुमची मर्जी. मोजताना ठेकेदाराची पोरं हमखास विसरली जातात. विसरा, पण दंडही लक्षात ठेवा: न भरलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपये, पुढे 1000.

आता गोड भाग. 2016 पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा केंद्र उचलतं, कमाल 1500. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या पोराचं किमान विद्यावेतन 7000 ठरलं. त्याचा चौथा हिस्सा 1750 होतो. मधले अडीचशे कुठे गेले हे विचारू नये. तुमच्या खिशातून 5500 जातात. आणि तो सरकारी वाटा तुमच्या हाती येईल या भ्रमातही राहू नका. पूर्वी मालकाला परतावा मिळे. ऑगस्ट 2023 पासून पैसे थेट पोराच्या खात्यात जातात. म्हणजे अनुदान मालकाला, असं म्हणायचं आणि मेसेज पोराच्या मोबाइलवर यायचा.

साडेपाच हजारही जड वाटतात? मग राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पाहा. पेपरांनी तिला ‘लाडका भाऊ’ केलं. 2024 ला ती सुरू झाली तेव्हा बारावीला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10,000, सहा महिने, सगळे सरकारचे. तुम्ही फक्त हजेरी पाठवायची. फुकट माणूस मिळाला की त्याला शिकवायची घाई कुणाला नसते, हा या योजनेचा खरा धोका, पण मार्गदर्शिकेत असं लिहीत नाहीत.

पोरगा आला की काय करायचं? अनुभवी मंडळी त्याला पहिल्या दिवशी चहा आणायला आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो भरायला लावतात. कायदा म्हणतो, प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम दिलंत तर प्रत्येक वेळी 1000 रुपये दंड. ओव्हरटाइमलाही सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते. डिस्पॅचच्या रात्री हे कुणाला आठवतं?

राहिला अवघड प्रकार: त्याला खरंच शिकवणं. जुना टर्नर दिवसाचा तासभर त्याच्यापाशी उभा करावा लागतो, तेवढा वेळ उत्पादन घसरतं, आणि सुपरवायझर तोंड फिरवतो. वर भीती अशी की शिकून पोरगा शेंद्र्याला किंवा चाकणला जाईल. जाईलही. तुम्ही शिकवलं नाहीत तर मात्र तो तुमच्याकडेच राहील, आणि मायक्रोमीटर न वाचता जॉब काढत राहील.

केंद्राचा वाटा वर्षाला जास्तीत जास्त 18,000 रुपये होतो. एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला की किती जातात, ते तुमच्या क्वालिटीवाल्याला विचारा आणि मगच अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा.