जुन्या जिप्सीला हेडर बसवा : नवशिक्यांसाठी सोपी कृती

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज येतो आणि इंजिन तापलं की आपोआप बंद होतो? अभिनंदन. तुमचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला आहे. पण हे निदान इतक्या स्वस्तात तुमच्या हाती लागणार नाही. मॅनिफोल्ड बिडाचा असतो. तापला की फुगतो आणि भेग मिटते. गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते तोवर ती तापलेली असते, त्यामुळे मेकॅनिकला आवाज कधीच ऐकू येत नाही. पहिला मेकॅनिक टॅपेट सेट करून देईल, दुसरा ऑइल बदलेल, तिसरा ‘जुन्या गाडीला एवढं असायचंच’ म्हणून चहा मागवेल. तिघांचे पैसे देऊन झाले की पुढची कृती सुरू करावी.

ही कृती १३०० सीसीच्या मारुती जिप्सीसाठी आहे. २००० नंतरची, सोळा व्हॉल्व्हची, कागदावर ८० हॉर्सपॉवरची. जिप्सीवाल्यांना भर पावसात घाट चढून तापलेली गाडी थेट ओढ्यात घालायची हौस असते. लालबुंद व्हायच्या बेतात आलेल्या बिडावर गार पाणी पडलं की पुढचं काम पाणीच करतं.

भेग वेल्ड करता येते का? येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बिडाचं काम जाणणारी माणसं आहेत. जाणकार वेल्डर आधी तुकडा तापवतो, निकेलचा रॉड लावतो आणि मग तो राखेत किंवा वाळूत पुरून सावकाश निववतो. घाईचा वेल्डर साध्या रॉडने पाच मिनिटांत जोडून देतो, आणि जोडाच्या शेजारी नवी भेग पडते. पण हे सगळं तुम्हाला ऐकायचंच नाही. भेग दिसली तेव्हा तुम्ही मनातून खूश झाला होतात. तुम्हाला हेडर हवा आहे.

तर हेडर. बिडाच्या मॅनिफोल्डच्या जागी चार सिलिंडरचे चार स्वतंत्र पाइप, शक्यतो सारख्या लांबीचे. एकातून वेगाने निघालेला धूर पुढच्याचा धूर ओढून घेतो. चाराचे दोन आणि दोनाचा एक असा घेतला तर खालच्या आणि मधल्या आरपीएमला दम मिळतो, चाराचा थेट एक घेतला तर वरच्या. घाटातल्या माणसाने पहिला घ्यावा. पॉवर किती वाढते? बाकी इंजिन कंपनीचंच असेल तर फारशी नाही. आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि आपल्याकडे हॉर्सपॉवर कानानेच मोजतात.

साहित्य : हेडर, नवं पॅकिंग, नवे स्टड आणि नट, बाराची गोटी, लांब टॉमी, गंज सोडवणारा स्प्रे, तांब्याचं ग्रीस, टॉर्क पाना (शेजाऱ्याकडे असतो; तो देत नाही), आणि एक रिकामा रविवार. रविवार लिहिलाय तो तुमच्या समाधानासाठी.

पायरी पहिली. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. हीट शील्ड काढा. इथपर्यंत सगळे मेकॅनिक असतात.

पायरी दुसरी. मॅनिफोल्डचे नट काढा.

मॅन्युअलमध्येही एवढंच एक वाक्य आहे. ते लिहिणाऱ्याने नवी गाडी समोर ठेवून लिहिलं होतं. तुमचे नट वीस वर्षं भाजले गेले आहेत. नट आणि स्टड यांच्यात आता भेद उरलेला नाही. आदल्या रात्री स्प्रे मारा, सकाळी परत मारा. मग पाना लावा आणि उलटसुलट, थोडं सोडवा, थोडं आवळा, असं करत चला. नट कुरकुरत फिरला तर तो सुटतोय. एकदम हलका होऊन फिरला तर आनंद मानू नका. स्टड तुटला.

तुटलेल्या स्टडचं टोक बाहेर असेल तर त्यावर दोन नट घालून एकमेकांवर घट्ट आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड फिरवा. टोक हेडच्या आतच राहिलं असेल तर बाजारात ईझी-आउट नावाचं हत्यार मिळतं. ते कडक पोलादाचं असतं आणि जोर लावला की स्टडच्या आत तुटतं. मग त्याला ड्रिलही लागत नाही. त्यापेक्षा चांगला वेल्डर बोलवा. तो उरलेल्या टोकावर एक नट वेल्ड करतो, त्या उष्णतेनेच गंज सुटतो आणि स्टड निमूट बाहेर येतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे हे विसरून ड्रिल वाकडं धरलंत तर आटे जातील. मग हेलिकॉइल, मग लेथवाला, मग पुढचा रविवार.

पायरी तिसरी. जुना मॅनिफोल्ड उचला. वजनाने चकित व्हा. भंगारात देऊ नका. का ते खाली येईल.

पायरी चौथी. हेडर बसवा. दुकानदार ‘डायरेक्ट बसतो साहेब’ म्हणाला होता. बसतो, फक्त पाइप कुठेतरी स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा वायरिंगला चिकटतो. पातळ पत्रा बिडापेक्षा जास्त उष्णता बाहेर फेकतो, तेव्हा वायरी लांब बांधा. फ्लँजवर पट्टी धरून फिलर गेज घाला. वाकडा असेल तर मशीनवर सपाट करून आणा. नट मधून सुरू करून कडेकडे आवळत जा. ऑक्सिजन सेन्सरची जागा हेडरवर आहे ना, हे खरं म्हणजे विकत घेतानाच पाहायचं होतं. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ‘काढूनच टाकू’ असा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पायरी पाचवी. गाडी उघड्यावर सुरू करा. पाइपावरचं तेल आणि रंग जळून भरपूर धूर येईल. शेजारी बादली घेऊन धावतील. आभार माना.

आता एक गोष्ट थट्टेची नाही. तडकलेल्या मॅनिफोल्डमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. तो फायरवॉलच्या फटींतून आत येतो आणि माणसाला आधी झोप येते. तेव्हा रविवार मिळेपर्यंत काचा लावून लांब जाऊ नका. पेट्रोलही उगाच जळतं; भेगेतून शिरलेली हवा सेन्सरला चकवते आणि ईसीयू जास्त इंधन सोडत राहतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही, आणि आवाज-धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९० आहेच. पीयूसीवाल्याने मान हलवली तर तो जुना मॅनिफोल्ड नीट वेल्ड करून परत चढवता येतो. माझं मत विचाराल तर कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड मिळत असेल तर तोच घ्या. तुम्ही विचारणार नाही.

काहीही बसवा, शे-दोनशे किलोमीटर झाल्यावर इंजिन थंड असताना सगळे नट पुन्हा एकदा आवळा. हे कोणीच करत नाही. तुम्ही करा.