शेपूट दिसते का जी?

आमच्या सानगडीत विमान उतरत नाही. साकोलीहून येणारी एस.टी. वेळेवर उतरली तरी आम्ही समाधानी असतो. सगळ्यात जवळची धावपट्टी गोंदियाजवळच्या बिरसीची. ती इंग्रजांनी १९४० साली महायुद्धासाठी बांधली. आता तिथं वैमानिक तयार होतात. तरीही संध्याकाळी पानठेल्याच्या बाकावर जुन्या विमानांवरून जी हमरीतुमरी चालते, ती ऐकून परगावचा माणूस समजतो की धुऱ्याचा वाद आहे.

खेळ साधा आहे. एकानं मोबाइलवर जुन्या विमानाचा फोटो दाखवायचा, खालचं नाव अंगठ्यानं झाकायचं आणि बाकीच्यांनी विमान ओळखायचं. ओळखलं त्याला चहा आणि पुढचा फोटो दाखवायचा मान. चहापेक्षा मानावर डोळा जास्त. नवेगावबांधला पक्षी ओळखणारे येतात, त्यांचा पक्षी वाद पेटायच्या आत उडून जातो. आमचं विमान फोटोत निमूट बसतं, त्यामुळे भांडायला भरपूर सवड.

पद्धत मात्र शास्त्रशुद्ध. आधी पंख, मग इंजीन, मग धड, शेवटी शेपूट. महायुद्धात आकाशावर नजर ठेवणाऱ्यांना हाच क्रम शिकवत. विमानांच्या काळ्या आकृत्या छापलेले पत्तेसुद्धा तेव्हा निघाले होते. पत्ते कुटणं हीच देशसेवा, असा सुवर्णकाळ आमच्या वाट्याला आला नाही.

डाकोटावर बंदी आहे. डाकोटा दाखवणं म्हणजे चौथीच्या परीक्षेत ‘ग’ कशाचा विचारणं. शिवाय डाकोटा निघाला की आमच्या बाकावरचे मास्तर १९४९ सालात शिरतात. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची डाकोटा विमानं रात्री नागपूरला सोनेगावात कशी जमायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी कशी परतायची, हे ते असं सांगतात की थैल्या त्यांनीच उचलल्या असाव्यात. तोवर चहा निवतो.

खरी मारामारी पतंगांच्या, म्हणजे ‘मॉथ’ विमानांच्या खानदानात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, त्यांनी तीच फेरी पुन्हा केली ती लेपर्ड मॉथमधून. दोन्ही एकाच कंपनीची, दोन्हींचे पंख डोक्यावर. मोठा फरक सांगाड्यात : पहिल्याचा पोलादी नळ्यांचा, दुसऱ्याचा प्लायवूडचा. आणि फोटोत सांगाडा दिसत नाही! या एका मुद्द्यावर दोन सख्खे साडू महिनाभर बोलत नव्हते.

एकदा मी दोन आसनी, खालच्या पंखांचं, शेपटीखाली बारकं चाक असलेलं विमान दाखवलं.

“चिपमंक!” मास्तर.

“नाही जी.”

मग जर्मनी झाली, फ्रान्स झाला, चेकोस्लोव्हाकियासुद्धा झाला. ते होतं आपलं एचटी-२. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली घडलेलं, ५ ऑगस्ट १९५१ ला पहिल्यांदा उडालेलं. पुढे घानाच्या हवाई दलानंही घेतलेलं. मराठी माणसाचं विमान मराठी बाकावर कुणालाच ओळखू येईना. माझ्या मते दुर्मीळ विमान म्हणजे हे. ज्याचे चारच नमुने निघाले ते नव्हे, आपल्याच घरचं असून ज्याचं नाव कुणी घेत नाही ते.

कृषी केंद्रवाल्या भाऊंना आम्ही कच्चा लिंबू समजायचो. ‘बसंत’चा फोटो आला, १९७२ चा, तेव्हा सगळे अमेरिकेत हिंडत होते. भाऊंनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर सरकवला.

“बसणारा पार मांगं बसला हाय. मंग समोरच्या पोटात का हाय? औषध! हे तुडतुड्यावरचं इमान होय जी.”

नाव सांगता आलं नाही, पण काम अचूक सांगितलं : पिकांवर फवारणी. इंजीन आणि वैमानिक यांच्यामधली ती फुगवटी औषधाच्या टाकीचीच. पंचांनी अर्धा चहा मंजूर केला. भाऊंनी अपील केलं, ते अजून प्रलंबित आहे.

तर वाचकहो, एक विनंती. घरातल्या ट्रंकेत आजोबांचा विमानापुढे उभा राहिलेला फोटो असेल, तर फ्रेम करताना तो आजोबांच्या खांद्यालगत कापू नका. आजोबांना तुम्ही ओळखताच. आम्हाला शेपूट हवी असते.