वारा आमचा, पाणी त्यांचं

तुळजापुरात बारा महिने वाहणाऱ्या गोष्टी दोनच, वारा आणि भाविकांची रीघ. पाणी त्यात धरत नाहीत. कल्लोळ तीर्थात पाणी आहे, गोमुखातही आहे, पण ते पुण्य मिळवायला. घरातल्या नळाला बोरी धरणाचं पाणी येतं आणि यायच्या आधी ते पुष्कळ विचार करतं. अशा गावात राहून मी सध्या शिडाच्या होडीच्या शर्यतीची तयारी करतो आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली, तेव्हा साधनांवाचून शिकवायची सवय होतीच. आता साधनांवाचून शिकतोही आहे.

शर्यत अर्थात इथली नाही. माझी पुतणी इंग्लंडात नॉर्विचला नोकरी करते. तिथून जवळच हॉर्निंग नावाचं नदीकाठचं गाव आहे. तिथला सेलिंग क्लब 1961 पासून ‘थ्री रिव्हर्स रेस’ भरवतो. ब्युअर, अँट आणि थर्न या तीन नद्या, सुमारे 50 मैलांचा पल्ला आणि मुदत 24 तासांची. शनिवारी निघायचं आणि रविवारी उजाडल्यावर परत यायचं, तेही इंजिनाशिवाय. “काका, उन्हाळ्यात येणारच आहात, तर माझ्याबरोबर होडीत बसा. दुसरं माणूस लागतंच,” ती म्हणाली. नौकाविहार समजून हो म्हणण्याइतका मी भोळा नाही. मी सगळी माहिती विचारून घेतली आणि मग हो म्हटलं. आमच्या घरात यालाच भोळेपणा म्हणतात.

“अहो, तुम्हाला एसटीत बार्शीपर्यंत मळमळतं,” ही म्हणाली. मी तिला दिलीप दोंदे यांचं उदाहरण दिलं. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 2009-10 मध्ये त्यांनी ती पुरी केली. बोटीचं नाव ‘म्हादेई’, गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते नौदलातले. तुम्ही जिल्हा परिषदेतले.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. जो तो भेटेल तिथे विचारू लागला, “काय करूलालाव गुरुजी? होडी कुठं ठिवलीय?” एकानं मनापासून सल्ला दिला की शर्यतच खेळायची तर विलायत कशाला, सांगलीला जा. तसं त्याचं बरोबर आहे. सांगलीच्या कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, काठावर ही गर्दी लोटते. पण त्या होड्या वल्ह्यांच्या. तिथे गावोगावची तालमीतली पोरं लागतात, दंड लागतात. माझ्या दंडात आयुष्यभर खडू उचलण्यापुरतं बळ राहिलं आहे. शिडाच्या होडीत निदान कागदावर तरी काम वारा करतो. आपण बसायचं, आणि होडी कलली की दुसऱ्या बाजूला सरकून बसायचं. पेन्शनरानं खेळावा असा याहून योग्य खेळ मला तरी दिसला नाही.

दुसऱ्यानं विचारलं, “येताना थोडं पाणी आणता येईल का?” हसून सोडून द्यावं असं ते नव्हतं. 2016 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. म्हणजे जिच्यात शर्यती चालतात ती कृष्णा आमच्याकडे आली ती आगगाडीनं. आमच्या भागात पाण्याच्या प्रवासाची कुणी थट्टा करत नाही.

तयारीचा पहिला प्रश्न जागेचा. तालुक्यात पाण्यावर राजेशाही थाट पाहायचा तर नळदुर्ग. बोरी नदीला किल्ल्याच्या पोटात अडवून बंधारा घातलेला, आणि बंधाऱ्याच्या आत पाणीमहाल. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीतलं, 1613 च्या सुमाराचं हे काम. पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदा. डोकं मानावं असं काम आहे. पण पाणी असतं तेव्हा ते बंधाऱ्यावरून खाली उडी घेत असतं. माझ्यासारख्या नवशिक्याची होडी तिकडे ओढली गेली, तर इतिहासात नाव लागेल पण शर्यतीत लागणार नाही. आणि मला निघायचंय मे महिन्यात, जेव्हा नर नाही की मादी नाही, नुसता दगड.

मग अणदूरच्या वाटेवर एका मित्राचं शेततळं आठवलं. तो एका वाक्यात नाही म्हणाला. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याच्या उतारावर शेवाळ धरलेलं असतं. पोहणारा माणूसही आत पडला तर त्याचा पाय ठरत नाही, आणि अशी माणसं दरवर्षी जातात. त्यानं चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, कुंपण केलंय. त्याचं बरोबर होतं. पुतणीही लाइफ जॅकेटशिवाय होडीत पाय ठेवू देत नाही. लहानपणी आम्ही पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या मारायचो, त्याचीच ही शहाणी आवृत्ती.

गंमत म्हणजे नद्यांखेरीज पुतणी ज्या तळ्यांत होडी घालते तीही मुळात खड्डेच. तिच्या नॉर्विचच्या परगण्यातली, म्हणजे नॉरफोकमधली ही तळी, ब्रॉड्स म्हणतात त्यांना, निसर्गानं केलेली आहेत असंच सगळे समजत होते. 1950 च्या दशकात जॉइस लँबर्ट नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञ बाईंनी सिद्ध केलं की मध्ययुगात लोकांनी जळणासाठी दलदलीतला पीट खणून खणून हे खड्डे पाडले आणि पुढे पाण्याची पातळी वाढली तसे ते बुडाले. त्यांनी सरपण काढलं आणि फुकटात तळी मिळाली. आम्ही अनुदान घेऊन तळी खणतो आणि टँकरनं भरतो.

जागेचा प्रश्न शेवटी गच्चीवर सुटला. आमच्या गच्चीवर बालाघाटाचा वारा असा येतो की चिमटे लावूनही बनियन शेजाऱ्याकडे जातो. या भागातल्या माळांवर पवनचक्क्या उगीच नाही उभ्या राहिल्या. मी एक बांबू कठड्याला उभा बांधला, जुनी चादर एका कडेनं त्याला शिवली आणि मोकळ्या टोकाला दोरी लावली. चादर वाऱ्याला मोकळी सोडली की तिची बांबूकडची कड फडफडते. दोरी हळूहळू ओढत न्यावी, फडफड थांबते. थांबली त्या क्षणी चादरीला पोट येतं आणि दोरी हाताला असा हिसका देते की बोटं पांढरी पडतात. शीड लावायची सगळी विद्या तेवढीच : फडफडेपर्यंत सोडायचं, थांबेपर्यंत ओढायचं. त्याहून जास्त ओढलं की जोर निघून जातो. हा धडा मी पुस्तकात वाचला होता, पण कळला तो तळहाताला.

वारा समोरून असेल तर होडी सरळ त्याच्या तोंडावर जातच नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून तिरकं जायचं, काठ आला की वळायचं आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला तिरकं. अरुंद नदीत हे सतत. दर वळणाला शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून सपकन जाते आणि त्या वेळी मान खाली हवी. यासाठी मी खुर्चीवर बसून वाकण्याचा सराव करतो. मान खाली घालण्याचा अनुभव नोकरीत भरपूर घेतला आहे, वेळ साधायला तेवढं शिकायचं आहे. वाटेत पूल आला की डोलकाठी आडवी करून जायचं आणि पलीकडे पुन्हा उभी करायची. पॉटर हाइगमचा दगडी पूल तर चौदाव्या शतकातला मानतात आणि इतका ठेंगणा की भल्याभल्या होड्या अडतात.

गाठींचंही प्रकरण आहे. आपल्याकडे निरगाठ आणि सुरगाठ. एक सुटत नाही, दुसरी टिकत नाही. होडीवाल्यांची बोलाइन म्हणून गाठ आहे, ती ताणाखाली सरकत नाही आणि काम झालं की सहज सुटते. मी ती पलंगाच्या पायाला मारून पाहतो. हिनं मच्छरदाणीसाठी वापरायला सुरुवातही केली.

पण सर्वांत मोलाचं शिक्षण मला एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं दिलं. मळणीयंत्र यायच्या आधी खळ्यावर उंच उभं राहून त्यानं उभा जन्म ज्वारी उफणली. वारं कुठून उठतं, कधी पडतं, हे त्याला गालावर समजतं. तो चादरीकडे बघून म्हणाला, “गुरुजी, वारं पडलं तर काय करताव?” मी म्हटलं, वल्हवता येत नाही, नियम आहे. “मग पाटी खाली ठिवायची अन् तंबाखू मळायची. वाऱ्याशी भांडू नये. उठलं की लगी पाटी उचलायची, तव्हा गाफील राहू नये.” हे मी पुतणीला फोनवर सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “काका, डावपेच हाच. समुद्राच्या भरतीओहोटीची ओढ तिथपर्यंत येते. ओढ उलटी असताना वारा पडला की जे हट्टानं तरंगत राहतात ते मागे वाहत जातात. आपण नांगर टाकायचा आणि थर्मास उघडायचा.” नॉरफोकची नदी कधी न पाहिलेल्या माणसानं तिथली शर्यत एका वाक्यात सांगितली. म्हणून ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांनी होडीच्या गोष्टी बोलू नयेत हे मला मान्य नाही.

शर्यत मे सरता सरता किंवा जूनच्या सुरुवातीला असते. त्या दिवसांत तुळजाभवानीच्या दारात जो तो पाऊस मागत असतो, आणि मागावाच. तुम्ही दर्शनाला आलात तर तुमचा पाऊस मागून झाल्यावर आमच्यासाठी शनिवार-रविवारपुरता थोडा वारा मागा, आणि तो पाठीमागून यावा हेही सांगायला विसरू नका.